नंतर बसवलेलं सेंट्रल लॉकिंग बिघडलं? भाग बदलण्याआधी दोष शोधा

गाडीला कंपनीचं सेंट्रल लॉकिंग नसलं की बाहेरचं किट बसवून घेतलं जातं. काही काळ ते बिनबोभाट चालतं. मग कधी मागचा एक दरवाजा साथ सोडतो, कधी सगळे दरवाजे लॉक होऊन त्याच क्षणी पुन्हा उघडतात, तर कधी रिमोट दाबला तरी काहीच होत नाही. अशा वेळी पहिला संशय डॅशबोर्डखालच्या कंट्रोल युनिटवर जातो, नवीन युनिट येतं, बसतं आणि दोष जिथल्या तिथे राहतो. माझं ठाम मत आहे की युनिटकडे सर्वांत शेवटी वळावं. ते कोरड्या, न हलणाऱ्या जागी असतं. हलतात ते दरवाजे, पाणी झिरपतं ते दरवाज्यांत, आणि झिजतात त्या दरवाज्यांतल्या सळ्या आणि वायरी.

हे काम घरी करता येण्याजोगं आहे. त्यासाठी मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्क्रूड्रायव्हर, डोअर पॅडच्या (दरवाज्याच्या आतल्या आवरणाच्या) क्लिपा उचकटायचं प्लास्टिकचं पट्टीसारखं हत्यार, वायर सोलायचा चिमटा, सोल्डरिंगचं सामान आणि श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून जोड झाकणारी नळी) एवढं पुरतं.

आधी यंत्रणा समजून घ्या

प्रत्येक दरवाज्यात एक ॲक्च्युएटर असतो, ज्याला सगळे जण मोटरच म्हणतात. त्यात एक छोटी डीसी मोटर, प्लास्टिकचे गिअर आणि पुढे-मागे सरकणारा दांडा असतो. हा दांडा एका सळीने गाडीच्या मूळ लॉकच्या सळीला क्लँपने जोडलेला असतो. म्हणजे मूळ लॉक तसंच राहतं. हाताने जी सळी ढकलायची तीच आता मोटर ढकलते.

मोटरी दोन प्रकारच्या असतात. दोन वायरींची मोटर फक्त आज्ञा पाळते. पाच वायरींची मोटर मास्टर असते. तिच्या दोन जाड वायरी मोटरच्या आणि तीन बारीक वायरी आतल्या स्विचच्या. चालकाच्या दरवाज्यात मास्टर असतेच, काही किटमध्ये पुढच्या दोन्ही दरवाज्यांत असते. किल्लीने किंवा आतल्या खुंटीने तो दरवाजा लॉक केला की मास्टरचा दांडा सरकतो, आतला स्विच पलटतो, त्याचा संकेत युनिटला मिळतो आणि युनिट बाकीच्या मोटरी चालवतं.

युनिट त्या मोटरींना वीज देतं ती क्षणभरच. लॉक करताना एका वायरीवर १२ व्होल्ट आणि दुसरीवर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली गाडीची बॉडी. अनलॉक करताना उलट. एरवी, म्हणजे काहीच घडत नसताना, बहुतेक युनिटांमध्ये दोन्ही वायरी आतल्या रिलेतून (विजेने पलटणाऱ्या स्विचमधून) अर्थला जोडलेल्या असतात. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोटरचा कनेक्टर न काढता तिच्या वायरीला बॅटरीचा प्लस लावला तर तो थेट युनिटमधून अर्थला जाईल, शॉर्ट होईल आणि धडधाकट युनिट जळेल. मोटरला बाहेरून वीज द्यायची तर आधी कनेक्टर सोडवायचा, याला अपवाद नाही.

काम सुरू करण्याआधी

एक काच पूर्ण खाली घ्या आणि किल्ली खिशात ठेवा. लॉकिंगशी खेळताना गाडी आपणहून लॉक होणं अगदी सहज घडतं, आणि किल्ली आत असली तर काम तिथेच थांबतं.

दरवाज्यात किंवा सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर आणखी सावध राहा. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर सहसा पिवळे असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर टेस्ट लॅम्प किंवा मीटर टेकवायचा नाही. डोअर पॅड काढण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. चाचणीसाठी वीज लागेल तेव्हा एअरबॅगचे सगळे कनेक्टर जागेवर आहेत हे बघूनच टर्मिनल परत जोडा.

शेवटची तयारी म्हणजे बॅटरी. इंजिन काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. अशक्त बॅटरीवर मोटरी अर्ध्यातच अडकतात आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो.

लक्षण नीट ऐका आणि बघा

हत्यार उचलण्याआधी चारही दरवाजे बंद करून गाडीत बसा आणि लॉक-अनलॉक करा. घाई करू नका. प्रत्येक वेळी एका दरवाज्याकडे लक्ष द्या. काही मोटरींमध्ये तापल्यावर वीज तोडणारं संरक्षण असतं. लागोपाठ दहा-पंधरा वेळा बटण दाबलं तर चांगली मोटरही काही मिनिटं गप्प बसते.

सगळे दरवाजे मेलेले असतील आणि युनिटमधून टिक असा रिलेचा आवाजही येत नसेल तर फ्यूज, अर्थ किंवा युनिटपर्यंत येणारी वीज बघायची. टिक ऐकू येतं पण एकही दरवाजा हलत नाही, तर युनिटच्या जाड वायरींकडे वळायचं. एकच दरवाजा चालत नसेल तर युनिट जवळपास निर्दोष आहे असं धरा. दोष त्या दरवाज्यात किंवा त्याच्या बिजागरीजवळ आहे. रिमोटवर सगळं चालतं पण किल्लीने लॉक केल्यावर बाकीचे दरवाजे ऐकत नाहीत, तर मास्टरचा स्विच. किल्लीने चालतं आणि रिमोटने नाही, तर रिमोट किंवा युनिटचा अँटेना. आणि मोटर घरघरते पण लॉक हलत नाही, तर सळी सुटली आहे किंवा मोटरचे गिअर गेले आहेत.

एवढं वर्गीकरण झालं की निम्मं काम झालं.

सगळंच बंद असेल तर

किटचा फ्यूज सहसा प्लसच्या वायरीवर वेगळ्या होल्डरमध्ये असतो, बहुतेक १० किंवा १५ अँपिअरचा. तो डोळ्यांनी बघण्यावर थांबू नका, मीटरने तपासा. होल्डरच्या पाती गंजून सैल झालेल्या असतील तर फ्यूज चांगला असूनही वीज पुढे जात नाही.

फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन घाला. मोठा घालू नका. मग शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर जळते आणि ती डॅशबोर्डच्या आत जळते. नवीनही लगेच उडाला तर प्रत्येक दरवाज्याच्या मोटरीचा कनेक्टर सोडवा आणि एकेक करून परत जोडत जा. जो जोडल्यावर फ्यूज उडतो त्या दरवाज्याची मोटर अडकलेली किंवा शॉर्ट आहे. सगळे कनेक्टर सोडवूनही उडत असेल तर वायरच कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे, आणि ती जागा बहुधा बिजागरीच्या फटीत सापडते.

फ्यूज ठीक असेल तर युनिटच्या प्लसवर इग्निशन बंद असतानाही १२ व्होल्ट आहेत का बघा. मग अर्थ. अर्थची तपासणी भार असताना करायची: मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी युनिटच्या अर्थ वायरीवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी लॉक करायला सांगायचं. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमकुवत आहे. रंगावर स्क्रू मारून घेतलेला अर्थ असाच असतो. पत्र्याचा रंग खरवडून, चकचकीत धातूवर रिंग टर्मिनल लावून, वरून ग्रीस चोपडून तो नीट करा.

एकच दरवाजा बंद असेल तर

इथेच सर्वाधिक दोष सापडतात, म्हणून इथे वेळ द्या.

पॅड काढण्याआधी दरवाजा उघडून त्याच्या आणि खांबाच्या मधला रबरी बूट, म्हणजे वायरी ज्यातून जातात ती लवचीक नळी, बघा. दरवाजा दर वेळी उघडताना यातल्या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक मात्र अखंड दिसतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. बूट एका बाजूने सोडवा आणि एकेक वायर हलक्या हाताने ताणा. आतून तुटलेली वायर त्या जागी रबरासारखी लांबते. दुसरी खूण: कुणाला तरी लॉक-अनलॉक करत राहायला सांगून दरवाजा हळूहळू उघड-बंद करा. ठरावीक कोनात मोटर चालली आणि दुसऱ्या कोनात थांबली, तर वायर तुटली आहे.

तुटलेली वायर बुटाच्या आत जोडू नका. जोड कडक असतो, शेजारीच वायर पुन्हा तुटते. बारीक तारांची मऊ वायर घ्या, जाडी ०.७५ ते १ चौरस मिलिमीटर, आणि एक जोड दरवाज्याच्या आत व दुसरा गाडीच्या आत येईल एवढा तुकडा बदला. दोन वायरींचे जोड एकाच जागी नकोत, थोडे मागे-पुढे घ्या. सोल्डर, त्यावर श्रिंक स्लीव्ह. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड उन्हात चिकटा सोडतो आणि ओलाव्याने हिरवा पडतो. वायर चिरून आत पातं घुसवणारे झटपट जोडही दरवाज्यात टिकत नाहीत. ते दिसले तर या निमित्ताने काढून टाका. किट बसवताना बूट न वापरता वायरी सरळ फटीतून नेल्या असतील तर त्या बुटातून घ्या, नाहीतर हेच काम पुन्हा करावं लागेल.

वायरी ठीक निघाल्या तर पॅड काढा. सगळे स्क्रू निघाल्याची खात्री करूनच क्लिपा उचकटा. हँडलच्या खाचेत आणि झाकणाखाली एखादा स्क्रू लपलेला असतो. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, कडेने सोडवून बाजूला घ्या.

मोटरचा कनेक्टर सोडवून गाडीकडून येणाऱ्या दोन जाड वायरींमध्ये टेस्ट लॅम्प लावा. लॉक करताना आणि अनलॉक करताना, दोन्ही वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. इथे मीटरपेक्षा दिवा बरा, कारण वीज क्षणभरच येते आणि डिजिटल आकडा स्थिरावेपर्यंत ती गेलेली असते. शिवाय एखाद-दुसऱ्या तारेवर तग धरून असलेली वायर मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते, पण दिवा मंद लागतो.

दिवा लागला तर वीज येते आहे, मग मोटर तपासा. फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीची वीज सुट्या मोटरला अर्धा सेकंद द्या, मग उलटी करून द्या. दांडा दोन्ही दिशांना झटक्याने सरकला पाहिजे. आवाज येऊन दांडा सरकत नसेल तर गिअर झिजले. काहीच आवाज नसेल तर मोटर गेली. दोन्हींवर उपाय मोटर बदलणं हाच. या मोटरी उघडून दुरुस्त करण्यात मला अर्थ वाटत नाही, कारण त्या सहसा चिकटवून बंद केलेल्या असतात आणि उघडल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण जातं. बदलताना वायरींची संख्या जुळवा. पाच वायरींच्या जागी दोन वायरींची लावली तर त्या दरवाज्यावरून बाकीचे दरवाजे चालणार नाहीत.

मोटर सुटी असताना ठणठणीत पण दरवाज्यात बसवल्यावर अडकते, असंही होतं. तेव्हा सळीचा क्लँप सोडवा आणि मूळ लॉक बोटाने हलवून बघा. ते बोटाच्या हलक्या दाबाने सरकलं पाहिजे. जड असेल तर दोष मोटरचा नाहीच. लॅच (दरवाजा बंद धरून ठेवणारी कडी) साफ करून पांढरं लिथियम ग्रीस लावा आणि सळ्या कुठे घासतात ते बघा. किल्लीच्या सिलिंडरमध्ये मात्र तेल नको, धूळ चिकटते. तिथे ग्राफाइटची पूड घाला.

सळी जुळवणं

या कामात खरं कसब इथे लागतं. बहुतेक मोटरींचा दांडा २० मिलिमीटरच्या आसपास सरकतो आणि मूळ लॉकची सळी सहसा त्याहून कमी. म्हणून लॉकचा सगळा प्रवास मोटरच्या प्रवासाच्या मधोमध बसवायचा. लॉकची सळी मध्यावर आणा, मोटरचा दांडाही मध्यावर आणा, आणि त्या स्थितीत क्लँपचे स्क्रू आवळा. मग हाताने दोन्ही टोकांपर्यंत नेऊन बघा. दोन्हीकडे लॉक आपल्या टोकाला पूर्ण पोहोचलं पाहिजे आणि त्याआधी मोटरचा दांडा अडता कामा नये.

मोटर मूळ सळीला समांतर हवी. तिरकी बसवली तर ढकलण्याची ताकद बाजूला जाते, सळी वाकते आणि क्लँप घसरतो. जुना क्लँप घसरला असेल तर सळीवर मार्करने खूण करून ठेवा म्हणजे पुढे तो पुन्हा सरकला का ते दिसेल. दरवाजा आपटल्याचे हादरे सोसायचे असतात, म्हणून स्क्रूवर सुटू न देणारा द्रव लावणं चांगलं.

लॉक होऊन लगेच उघडत असेल तर

यात लोक सर्वांत जास्त भरकटतात. लॉकची आज्ञा मिळते, मोटरी सरकतात, पण मास्टरचा दांडा शेवटपर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचून मागे येतो. तिचा स्विच 'अनलॉक'वरच राहतो किंवा परत पलटतो, युनिटला वाटतं कुणीतरी दरवाजा उघडला, आणि ते सगळे दरवाजे उघडून टाकतं.

पडताळणी सोपी आहे. मास्टरच्या तीन बारीक वायरींचा जोड सोडवा आणि रिमोटने लॉक करा. आता दरवाजे लॉक राहिले तर युनिट निर्दोष आहे आणि काम मास्टरच्या दरवाज्यात आहे. दोन मास्टर असतील तर एकेक सोडवून कोणती त्रास देते ते ठरवा.

दुरुस्ती बहुतेक वेळा सळी जुळवण्यानेच होते, वर सांगितली तशी. तरीही थांबलं नाही तर स्विच तपासा. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून सुट्या मोटरच्या तीन बारीक वायरींमधली सामाईक वायर शोधा. दांडा एका टोकाला असताना सामाईक वायर एका वायरीशी जोडलेली दिसली पाहिजे आणि दुसऱ्या टोकाला नेल्यावर दुसरीशी. मधेच दोन्हीकडे बीप येत असेल किंवा एका टोकाला येतच नसेल तर मोटर बदला. वायरींचे रंग प्रत्येक किटमध्ये वेगळे असू शकतात, म्हणून रंगावर विसंबू नका.

एक महत्त्वाची गोष्ट: कित्येक गाड्यांत चालकाचा दरवाजा उघडा असताना मूळ लॉक लागतच नाही, किल्ली आत राहू नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्यामुळे दरवाजा उघडा ठेवून चाचणी घेतली तर सगळं काही परत उघडेल आणि तुम्ही चांगल्या मोटरला दोष द्याल. चाचणीपुरता लॅचचा आकडा स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला. झाल्यावर हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका. तसाच दरवाजा आपटला तर लॅच आणि ते ज्यात अडकतं तो खांबावरचा स्ट्रायकर दोन्ही दुखावतील.

रिमोट आणि अँटेना

दुसरा रिमोट असेल तर तो वापरून बघा. तो चालला तर पहिल्याचा सेल बदला. रिमोटच्या सर्किटवर सेलच्या पातींना गंज असेल तर खोडरबराने घासा. दोन्ही रिमोट फक्त अगदी जवळूनच चालत असतील तर युनिटमधून लोंबणारी बारीक एकेरी वायर शोधा. ती अँटेना आहे. ती बाकीच्या वायरींबरोबर बांधून टाकलेली असते किंवा लोखंडी पट्टीवर चिकटवलेली असते. मोकळी करून धातूपासून दूर, सरळ ठेवा. तिची लांबी ठरवून दिलेली असते, ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटसाठी साधारण १७ सेंटिमीटर, म्हणून कापू नका आणि जोड देऊन वाढवूही नका.

युनिट कधी बदलायचं

प्लस आणि अर्थ भार असतानाही पक्के आहेत, मास्टरचे संकेत युनिटपर्यंत पोहोचतात, तरी युनिटच्याच टोकाला लावलेला टेस्ट लॅम्प लॉक किंवा अनलॉक यांपैकी एका वेळी लागत नाही, तर आतला रिले गेला आहे. तेव्हा युनिट बदला. जुन्या किटच्या आणि नवीन युनिटच्या कनेक्टरचा आकार सारखा दिसला तरी वायरींची मांडणी तीच असेलच असं नाही. नवीन युनिटबरोबर आलेल्या आकृतीप्रमाणेच एकेक वायर जुळवा.

पॅड लावण्याआधी

काच पूर्ण खाली घ्या, पुन्हा वर घ्या, आणि आतून बघत राहा. नवीन सळी, मोटर किंवा वायर काचेच्या वाटेत येत असेल तर आत्ताच दिसेल. मोटर अशी बसवा की वायर तिच्यातून खालच्या बाजूला निघेल, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी मोटरमध्ये जाणार नाही. दरवाज्याच्या खालच्या कडेची पाणी निघून जायची भोकं मोकळी करा. प्लास्टिकचा कागद कडेने पूर्ण चिकटवून परत लावा. त्याचा मूळ चिकटा वाळला असेल तर ब्युटाइल टेप वापरा. तो कागद किट बसवताना फेकून दिलेला असेल तर जाड पॉलिथिन कापून नवा करा, कारण तो नसला की आत आलेलं पाणी पॅडपर्यंत आणि तिथून गाडीत येतं.

मग सगळे दरवाजे बंद करून, एक काच खाली ठेवून, किल्लीने, रिमोटने आणि आतल्या खुंटीने लॉक-अनलॉक करा. त्यानंतर किटचा फ्यूज काढा आणि वीज नसताना प्रत्येक दरवाजा आतून हाताने उघडतो का ते बघा. मागच्या दरवाज्यांसाठी ही चाचणी करताना चाइल्ड लॉक बंद ठेवा. एकही दरवाजा अडला तर गाडी वापरात आणू नका. त्या दरवाज्याचा क्लँप सोडवून मोटर मोकळी करा आणि सळी पुन्हा जुळवा.